सहा मैल, सहा क्रियापदं

दोन दिवसांपासून पावसाची झड लागली होती. दारव्ह्याच्या तहसिलीपुढच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारे माझे बाबा, अर्जनवीस नरहरपंत खानझोडे, ताप घेऊन घरात झोपले होते. त्यांचा टाइपरायटर मी ओसरीवर मेणकापडाखाली झाकून ठेवला होता आणि शेजारी बसून तांदूळ निवडत होते. एवढ्यात फाटकाशी कुणीतरी येऊन थांबलं.

उंच, सावळा, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. हातात छत्री होती, पण ती डोक्यावर नव्हती. खांद्याला लटकवलेल्या कापडी पिशवीवर त्याने ती धरली होती.

"अर्जनवीस बाबूजीचं घर हेच काय?"

"हेच. पण तुम्ही स्वतः भिजून राहिले की!"

"मी वाळतो, बाई," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "सरकारी कागद वाळत नाही."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, बाबांचा टाइपरायटर चालवत होते आणि जगातलं सगळं आपल्याला येतं असा माझा पक्का समज होता. मी हात पुढे केला. त्याने कागद दिला, कोरडा ठणठणीत.

तो धरमसिंग आडे. सहा मैलांवरच्या तांड्यावर एकशिक्षकी शाळा होती, तिचा मास्तर. पुढच्या जूनपासून त्याच्या शाळेला पाचवी मिळणार होती, पण पाचवीत इंग्रजी होतं. ज्या मास्तरांना इंग्रजी येत नाही त्यांनी मार्चमध्ये यवतमाळला परीक्षा द्यायची, असं त्या कागदात लिहिलं होतं. परीक्षेतून आपल्याला सूट मिळावी, असा अर्ज त्याला हवा होता.

"मराठीत लिहू की इंग्रजीत?" मी विचारलं.

"इंग्रजीत लिहा. इंग्रजी अर्ज साहेब लवकर वाचते म्हणतात."

"म्हणजे इंग्रजी येत नाही, हे इंग्रजीत कळवायचं?"

मी खळखळून हसले. तो हसला नाही. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "चौथीत अकरा पोरं हायेत माह्या शाळेत. त्यात चार पोरी. पाचवी नाई उघडली तं पोराइले त्याइचे बाप दारव्ह्याले पाठवतीन. पोरीइले कोनी नाई पाठवत, बाई."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागही येतो.

"मग सूट कशाला मागता? सूट मिळाली तर तुमची नोकरी राहील, पाचवी राहणार नाही. शिका!"

"कोन शिकवते?"

"मी," मी म्हणाले. म्हणून बसले, खरं तर.

आतून बाबा खोकले. घोंगडी पांघरून ते बाहेर आले, कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांना कमी बोलायची सवय होती, ते शब्द मोजून टाइप करत. "बाजाराच्या दिवशी या," ते म्हणाले. "ओसरीवर बसायचं. दार उघडं राहील." एवढ्यात आईने तांब्या आणि वाटीत गूळ आणला. आमच्या घरी उन्हापावसातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय पाठवत नसत. बाबांनी स्वतः गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

तो पाणी प्यायला. गूळ मात्र खाल्ला नाही. त्याचे कान लाल झाले. तो खडा त्याने शेल्याच्या टोकात बांधला आणि निघून गेला.

"मोठा मानी दिसतो," मी आईला म्हणाले. "आपल्या घरचा गूळ चालत नाही त्याला!"

* * *

बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या शाळेला सुटी असे. दुपारी उन्हं कलायच्या आत तो यायचा, पाय धुवायचा, सतरंजीच्या त्या टोकाला बसायचा. या टोकाला मी. मध्ये वही. उंबऱ्याच्या आत आई, हातात वाती.

पहिलं क्रियापद 'गो'. आय गो, यू गो, वुई गो. मग ही गोज, शी गोज. मास्तर म्हणून तो कसा असेल कोण जाणे, पण विद्यार्थी म्हणून बसल्या जागी त्याला काही म्हणजे काही पाठ होत नसे. तिसऱ्या आठवड्याला मी कपाळाला हात लावला.

"ही गो नाही हो, मास्तर! 'ही गोज'. मागचा 'ज' कुठे गेला?"

"वाटेत सांडला असंन," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. इतक्या गंभीर चेहऱ्यावर इतकं कोवळं हसू असेल असं मला वाटलं नव्हतं. मी घाईघाईने वहीत पाहिलं.

मग त्यानेच तोड काढली. "बाई, आमचं डोकं पायात हाय. माहा आजा बैलाइवर मीठ-दाने लादून मुलूखभर फिरे. कोणत्या गावात काय भाव, कुठं पाणी, कुठं चोर... सारं चालता चालता पाठ करे. मले चालाले क्रियापदं द्या."

म्हणून मी त्याला दर खेपेला सहा क्रियापदं देऊ लागले. तांड्यापर्यंत मैलाचे सहा दगड होते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत एकच क्रियापद, पावलाच्या ठेक्यावर. आय वॉक, यू वॉक, ही वॉक्स. परत येताना त्याच सहांची उजळणी. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या असत, गाडीवाले विचारत, "काय मास्तर, कोणता मंत्र?" हा म्हणे, "पाचवीचा!"

दिवाळी होईस्तो त्याला साठ क्रियापदं आली. शाळेतल्या पोरांनाही तो रांगेने चिंचेभोवती फिरवून तीच शिकवत होता. "माह्या चार पोरी माह्यापेक्षा जोरात म्हणतात," तो मला सांगायचा.

उदाहरणाची वाक्यं मी आमच्याच माणसांची बनवायची. शुभदा ग्राइंड्स जवार, शुभदा म्हणजे मी. नरहर राइट्स अ लेटर. धरमसिंग गोज टू बझार. माझं हे नावं घेणं आईला मुळीच खपत नसे. तिने चोवीस वर्षांच्या संसारात, उखाणा सोडला तर बाबांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. पोस्टमनने विचारलं तरी ती मला हाक मारायची. "बापाचं नाव काय घेते, कार्टे!" ती आतून ओरडे.

"आई, हे इंग्रजी आहे!"

"इंग्रजीत काय नवरा नवरा नसतो?"

त्यावर तो मान खाली घालून हसायचा. आणि जाताना दर खेपेला, गुळाचा खडा शेल्यात.

* * *

पौषातल्या एका बाजारात मी भाजी घ्यायला गेले होते. हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली एक बाई शेंगा विकत बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू इंग्रजीवाली बाई काय? मी धरमसिंगची काकी, बसंतीबाई."

मला का कुणास ठाऊक, पदर सारखा करावासा वाटला.

"काकी, एक विचारू? तुमचा पुतण्या आमच्याकडचा गूळ काहून खात नाही? त्याला आमचं चालत नाही काय?"

बसंतीबाई एवढ्या जोराने हसली की शेजारचा कांदेवाला वळून पाहू लागला. "अवो छोरी! आमच्या तांड्यात पोरीच्या बापानं गोळ देल्ला आन् पोरानं खाल्ला, म्हंजे सगाई पक्की. मंग मागं फिरता येत नाई. तुह्या बापानं पहिल्याच दिवशी त्याच्या हातावर गोळ ठेवला म्हने. पोरगं घामानं भिजलं! तवापासून आनते आन् शाळेतल्या लेकराइले वाटते. लेकराइले वाटते इंग्रजी अशीच गोड रायते."

मी शेंगा न घेताच घरी आले. पाच महिने मी त्या माणसाला मानी समजत होते. तो मात्र पाच महिने बाबांचा शब्द, बाबांनी न दिलेला शब्द, जपून शेल्यात बांधून परत नेत होता. मला रडू आलं. का आलं हे मला लगेच कळलं, आणि कळल्यावर भीती वाटली.

पुढच्या खेपेला मीच वाटी आणली. आई मागच्या अंगणात होती.

"घ्या. आणि आज खा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं ऐकलं आहे, हे त्याला कळलं असावं. त्याचा हात वाटीपाशी थांबला. ओसरीवर वाऱ्याने कापसाची एक म्हातारी उडत आली आणि वहीवर बसली, तिच्याकडे आम्ही दोघंही उगाच बघत राहिलो.

"आज नाई, बाई," तो हळू म्हणाला.

"मग... कधी?"

"जे आपल्याले कोनी देल्लं नाई, ते खाऊ नये."

त्याने खडा उचलला, बांधला. वही पुढे ओढून पानं मागे-पुढे केली. "एक विचारू? आधीच्या पानाइवर धरमसिंग गोज, धरमसिंग रीड्स असं लिहीत होत्या तुम्ही. आता समदीकडं नुसतं 'ही'. माहं नाव काहून सोडलं?"

मी वही पाहिली. खरंच. दिवाळीनंतरच्या एकाही पानावर त्याचं नाव नव्हतं. माझं मलाच कळलं नव्हतं.

"जागा पुरत नाही," मी फटकन म्हणाले. "तुमचं नाव फार लांब आहे."

"हो," तो म्हणाला. "लांब तं हाय." आणि त्या दिवशी त्याने सहा क्रियापदं न मागताच पिशवी उचलली.

* * *

माघात अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा नीळकंठ, सरकारी नोकरीत, स्वभावाने शांत. पत्रिका जुळली. पाहायला येण्याचा दिवस ठरला तो नेमका परीक्षेच्या आठ दिवस आधी. मी धरमसिंगला सांगितलं. तो वहीवर रेघ ओढत होता, ती रेघ जराशी वाकडी गेली.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "सरकारी हाय."

"तुम्हाला एवढंच म्हणायचं?"

"बाई, मी तांड्यावरचा मानूस. तुमच्या बापानं मले ओसरीवर बसू देल्लं. त्या ओसरीवर बसून मी..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "पाचवी उघडली का सांगाले येईन."

तो गेला. तो मैलाच्या पहिल्या दगडाकडे दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते. तो क्रियापदं म्हणत होता की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

पाहायला आले त्या दिवशी मी आईची जांभळी साडी नेसले. पोहे झाले, सुपारी झाली. नीळकंठच्या मामांनी पाय पसरले. "मुलगी मॅट्रिक आहे म्हणता. जरा चार वाक्यं बोलू द्या की इंग्रजीत! आम्हीही ऐकू."

बाबांनी मान हलवली. सोपं काहीतरी बोलावं, गाय, शाळा, सकाळचा सूर्य, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि वही आपोआप बोलू लागली.

"ही वॉक्स सिक्स माइल्स. ही कम्स ऑन बझार डे. ही ड्रिंक्स वॉटर. ही डझ नॉट ईट द गूळ. ही गिव्ज इट टू द चिल्ड्रन."

तो सहा मैल चालतो. बाजाराच्या दिवशी येतो. पाणी पितो. गूळ खात नाही. तो मुलांना देतो. इथे थांबायला हवं होतं. मी बाबांकडे पाहिलं, आणि थांबता आलं नाही.

"आय वेट," मी म्हणाले. मी वाट पाहते.

"वा! कसं खडाखडा!" मामा म्हणाले. त्यांना इंग्रजीची गंमत वाटत होती, अर्थाची पंचाईत नव्हती. पण नीळकंठने बशी खाली ठेवली होती. बाबांच्या हातातला अडकित्ता सुपारीत रुतून तसाच राहिला होता.

जाताना फाटकापाशी नीळकंठ बाबांना म्हणाला, "काका, उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. मामांना मी सांगतो." मग माझ्याकडे वळून त्याने नमस्कार केला. त्या माणसाचं भलं होवो असं मी आजही मनापासून म्हणते.

दार लागलं. आई बिचारी सगळ्यांची तोंडं पाहत उभी होती, हातात पानाचं तबक.

"काय झालं? असं काय बोलली ही?"

बाबांनी कडी घातली. "सहा वाक्यं बोलली. सगळी एकाच माणसाची." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाव नाही घेतलं त्याचं."

आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण हे तिला कळलं. तिने तबक खाली ठेवलं आणि भिंतीला धरून बसली.

* * *

तांड्यात गुळाचा अर्थ काय, ते मी त्याच रात्री दोघांना सांगितलं. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला टाइपरायटरपाशी बोलावलं.

"तुझ्या मामाचं दार आपल्याला बंद होईल. सणाला कोणी येणार नाही. त्याच्या तांड्यावरही तुला पहिल्याच दिवशी पाट मांडून ठेवला नसेल. कळते का तुला?"

"कळते."

"तो काही बोलला?"

"नाही."

"तर मग ऐक. परीक्षा झाली की त्याचं आपल्याकडचं काम संपलं. निरोप मी धाडणार नाही, तूही धाडायचा नाही. तो आपणहून आला आणि त्यानं विचारलं, तर पाहू. नाही आला, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

मी मान हलवली. एवढा न्याय मला पुरेसा होता.

परीक्षा झाली. निकाल बाबांना तहसिलीतच कळला. धरमसिंग आडे पास, तांड्याची पाचवी मंजूर. बाबांनी मला ते जेवताना सांगितलं आणि ताटात पाहत राहिले. मला चार पोरी दिसल्या, चिंचेभोवती फिरणाऱ्या, जोरजोराने ओरडणाऱ्या. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

पुढचा बाजार आला. मी सकाळपासून ओसरी दोनदा सारवली. गाड्या गेल्या, माणसं गेली, दिवेलागण झाली. तो आला नाही.

त्याच्या पुढचा बाजारही तसाच गेला. त्या संध्याकाळी आईने सतरंजी गुंडाळून माळ्यावर ठेवली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आता मात्र मी समजले. मनाला समजावण्यासाठी मला सगळी क्रियापदं येत होती, उपयोग एकाचाही होत नव्हता.

तीन दिवसांनी, भर दुपारी, मी वाळवण राखत बसले होते. गाव सामसूम होतं. फाटक वाजलं.

धुतलेलं धोतर, नवा शेला. सोबत लाल पागोटं बांधलेला एक म्हातारा, हातात काठी. धरमसिंगने फाटकाशीच चपला काढल्या. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि माझे हात वाळवणातच राहिले.

बाबा ओसरीवर आले. "मास्तर, आज बाजार नाही."

"नाई, बाबूजी."

"परीक्षा झाली. मग आज कशाला आले?"

"हे आमचे नायक, सेवादासजी. यांच्या परवानगीबिगर आमच्यात काही होत नाई. दोन बाजार याइलेच मनवण्यात गेले." त्याने शेल्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मी बोलाचं ते इंग्रजीत पाठ करून आलो होतो. एका एका दगडाले एक वाक्य. पन... समदी वाटेत सांडली, बाबूजी."

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मी दोन हप्ते नाई म्हनलं, बाबूजी. तांडा नाई म्हने. पन पोरगं म्हने, मी आठ महिने त्याइचा गोळ खाल्ला नाई, आता खाल्ल्याबिगर जमत नाई. मंग मी काय करू? तुमची पोरगी, तुमचा गोळ. तुम्ही सांगा."

ऊन अंगणात पसरलं होतं. बाबांनी नजर वर केली नाही. पण आत भांड्याचा आवाज झाला, आणि आई बाहेर आली. एका हातात तांब्या, एका हातात वाटी. तिचे डोळे सुजले होते. तिने वाटी बाबांच्या पुढे धरली आणि धरूनच राहिली.

बाबांनी गुळाचा खडा उचलला. कितीतरी वेळ तो बोटांत धरला.

"हे काय आहे, माहीत आहे ना?"

"पहिल्या दिवसापासून माहीत हाय, बाबूजी."

"आज मी देऊन राहिलो," बाबा म्हणाले. "तेव्हा दिला नव्हता."

त्यांनी खडा त्याच्या तळहातावर ठेवला. धरमसिंगने तो कपाळाला लावला. मग माझ्याकडे पाहत, जराही न लपवता, तोंडात टाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो लहान मुलासारखा गूळ चघळत होता.

मी उठून उभी राहिले होते, कधी ते मला ठाऊक नाही. आईने तांब्या माझ्या हातात दिला. एवढे महिने ती त्याला 'तो मास्तर' म्हणायची.

"शुभे," ती म्हणाली, "त्यांना पाणी दे."